घरातली अडगळ आणि घरातली माणसे



घरभेटीला गेल्यावर रुग्णाच्या मनगटाला हात लावण्यापूर्वी माझी नजर एका वाटेवरून फिरते : पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट. या आठ-दहा पावलांत बंद पडलेले शिवणयंत्र, टीव्हीचे रिकामे खोके, डुगडुगणारे स्टूल आणि ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून भिंतीशी उभी केलेली गादी असेल, तर ती बाब मला रक्तदाबाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते. रात्री दोन वाजता लघवीसाठी उठणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर झोप असते, गोळ्यांमुळे तोल थोडा ढळलेला असतो आणि आधारासाठी हात जातो तो नेमका त्या डुगडुगणाऱ्या स्टुलावर. खुब्याचे हाड मोडण्यास एवढे पुरते.

अडगळ घराबाहेर जावी, याविषयी दुमत नाही. मात्र ती कोणाला विचारून जाते आणि कोठे जाते, याचा विचार फारसा होत नाही.

वडील शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात असताना मुले घर ‘एकदाचे’ आवरून टाकतात. हेतू चांगला असतो. परंतु परतलेल्या वृद्धाला अंगवळणी पडलेले घर सापडत नाही. ज्या कपाटाच्या कडेला हात टेकवून तो अंधारात वळत असे, ते कपाटच जागेवर नसते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास हा बदल विशेष जाचतो. तो आपल्याच घरात बसून ‘मला घरी ने’ म्हणू लागतो. म्हणून आवराआवर त्यांच्यासमोर करावी, दिवसाला एक कोपरा, अर्ध्या तासापेक्षा अधिक नाही. ‘हे टाकू का?’ या प्रश्नाला बहुधा नकारच मिळतो. ‘हे कोणाला द्यायचे?’ असे विचारून पाहा. ज्याने ती वस्तू पैसे साठवून घेतली, त्याला ती कोणाच्या घरी गेली हे ठाऊक असणे फार मोलाचे असते.

ज्येष्ठ वाचकांना एक विनंती. हाडे ठिसूळ झालेल्या वयात वाकून लोखंडी ट्रंक ओढल्याने पाठीचा मणका दबल्याची उदाहरणे आम्हा डॉक्टरांना नवी नाहीत. निर्णय आपण घ्यावा, उचलण्याचे काम दुसऱ्याला सांगावे.

आता वस्तूंकडे वळू. सर्वांत अवघड असते ते आजारपण संपल्यानंतर मागे उरलेले सामान. रुग्ण बरा झालेला असो वा गेलेला असो, त्या खोलीतली खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची यांच्याकडे पाहवत नाही आणि टाकवतही नाही. ही वस्तू भंगारात किलोच्या भावाने देऊ नये. महाराष्ट्रात गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे आहेत. अल्प अनामतीवर ती हे साहित्य गरजूंना वापरायला देतात. देण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावे, खुर्चीचे ब्रेक लागतात का पाहावे, वॉकरच्या पायांचे झिजलेले रबरी बूट बदलावेत. फाटलेली हवेची गादी मात्र दान करू नये. निकामी वस्तू दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवणे याला दान म्हणता येत नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा वाटला तरी भंगारवाल्याला कधीही देऊ नये. त्यात दाब शिल्लक असू शकतो. तो ज्याच्याकडून आणला त्यालाच परत करावा.

गाद्यांचे गणित वेगळे आहे. कापसाची गादी पिंजाऱ्याकडून पिंजून पुन्हा भरून घेता येते. फोमच्या गादीला ती सोय नाही. म्हणून ती रात्रीच्या अंधारात नदीकाठी पोहोचते. आमच्या पुण्यात मुठेच्या काठाने चालणाऱ्यांना ती दिसते. ती जाळणे तर त्याहून वाईट, कारण फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतात. दम्याचा रुग्ण दोन इमारती पलीकडे असला तरी त्याला त्रास होतो. गादीत ढेकूण असतील तर ती प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळूनच जिन्यातून न्यावी आणि कोणालाही वापरायला देऊ नये. ढेकूण उपाशीपोटी काही महिने तग धरतो.

रोज दारी येणाऱ्या कचरावेचक ताईंच्या ढकलगाडीत सोफा वा गादी मावत नाही आणि तो त्यांच्या कामाचा भागही नाही. मोठ्या वस्तूंसाठी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करावी. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या वस्तूंच्या संकलनाचे उपक्रम करते. बंद फ्रिज, धुलाईयंत्र, टीव्ही हा ई-कचरा; तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा नवी वस्तू घेताना बदल्यात द्यावा. फ्रिज निघेपर्यंत गच्चीवर वा जिन्याखाली ठेवायचा असेल तर त्याचे दार काढून ठेवावे. लपाछपी खेळणारे मूल आत शिरले आणि दार बंद झाले तर आतून ते उघडत नाही.

आणि गच्ची हा काही मधला मुक्काम नव्हे. जुने टायर, फुटकी कुंडी, उलटलेले टेबल यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास उडतात आणि पाणी आटले तरी अंडी कित्येक महिने टिकतात. बाल्कनीतल्या अडगळीत कबुतरे घरटी करतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसांना कायमची इजा झालेले रुग्ण शहरांत आढळतात. ती सुकी विष्ठा झाडूने उडवू नये. पाणी मारून, मास्क लावून काढावी.

लहान वस्तूंत एक धोकादायक आहे : पाऱ्याचा जुना रक्तदाबमापक. थर्मामीटरमध्ये पारा सुमारे एक ग्रॅम असतो, या यंत्रात ऐंशी ते शंभर ग्रॅम. तो भंगारात गेला की कोणीतरी धातूसाठी फोडतो. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, कालबाह्य औषधे, बॅटऱ्या, वापरलेल्या सुया यांना घरगुती घातक कचरा म्हटले होते. तो ओल्या-सुक्यात मिसळता येत नाही. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, वर ‘सुया’ असे ठळक लिहून वेगळ्या द्याव्यात. पिशवीतून बोटात घुसलेल्या सुईमुळे कचरावेचक ताईंना कावीळ ब किंवा क होऊ शकते.

कपाट, टेबल देण्यापूर्वी प्रत्येक खण रिकामा करावा आणि खणात अंथरलेल्या वर्तमानपत्राखालीही पाहावे. मुदत ठेवीच्या पावत्या आणि जुने ईसीजी बहुधा तेथेच असतात. ईसीजी टाकू नयेत. छातीत दुखू लागल्यावर नव्या आलेखाशी जुना ताडून पाहता आला तर डॉक्टरला फार मदत होते. त्या कागदावरची रेघ काळाने पुसट होते, म्हणून आजच त्याची झेरॉक्स काढून, तारीख घालून फाइलमध्ये लावून ठेवा.