आजीचे नाव

दिवाळीपूर्वीची साफसफाई हा आमच्या घरी दरवर्षी भरणारा खटला आहे. आरोपी ठरलेले असतात, माझी पुस्तके आणि जुने कागद. फिर्यादीचे काम सौ. पाहते आणि निकालही तीच देते. यंदा पुस्तके थोडक्यात सुटली, कारण माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. कडी गंजलेली, झाकणाला पोचे. ती आजीची ट्रंक. आजी जाऊन वीस वर्षे होऊन गेली. आम्ही घर बदलले, तेव्हा न उघडताच ट्रंक इकडे आली आणि तशीच माळ्यावर गेली.

"ही तरी टाकायची का?" सौ.ने विचारले. मी उत्तर देणार तेवढ्यात मुलगी वही घेऊन आली. शाळेने सुट्टीचा अभ्यास म्हणून वंशवृक्ष काढायला सांगितला होता. तिने पट्टीने चौकोन आखले होते. बाबा, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, सगळे भराभर भरले. आमच्या घराण्यात सात पिढ्यांची नावे कुलवृत्तान्तात छापलेली आहेत, त्यामुळे पुरुषांची अडचण नव्हती.

"पणजीचं नाव?"

"राधाबाई."

"ते सासरचं झालं. बाईंनी सांगितलंय, माहेरचं नावही लिहायचं."

मी तोंड उघडले आणि तसाच राहिलो. आजीच्या माहेरचे आडनाव आठवले, गाव आठवले, तिच्या वडिलांचा छाता आणि तापट स्वभावही आठवला. कारण ते सारे गोष्टींतून ऐकले होते. तिचे नाव मात्र येईना. ते मला कधी ठाऊकच नव्हते. पक्षपंधरवड्यात घरी श्राद्ध होते, तेव्हा भटजी पितरांबरोबर आजीचेही नाव घेतात. पण घेतात ते राधाबाईचे. लग्नात तांदळावर अंगठीने जे नाव लिहिले गेले, तेच पिंडापर्यंत पोचले.

यातली गंमत माझ्याच ध्यानात आली आणि मी ओशाळलो. मी मराठीचा प्राध्यापक. स्त्रियांची आत्मचरित्रे वर्गात शिकवतो. लक्ष्मीबाई टिळकांचे माहेरचे नाव मनकर्णिका, रमाबाई रानडे यांचे यमुना, आनंदीबाई जोशांचेही यमुना, बाया कर्वे यांचे गोदू, हे मी खडूने फळ्यावर लिहून देतो. कोणा विद्यार्थ्याला सांगता आले नाही, तर "एवढंही वाचत नाही तुम्ही!" म्हणून सुनावतो. आणि ज्या बाईच्या हातचे अन्न खाऊन मी वाढलो, तिच्या नावाच्या प्रश्नात मी नापास!

ट्रंक अर्थातच उघडली. वर एक इरकली लुगडे, खाली पळी-पंचपात्र, चष्म्याचे रिकामे घर आणि तळाशी जुन्या खणाचे कव्हर घातलेली एक जाड वही. दैनंदिनी असेल म्हणून आशेने उघडली. निघाला हिशेब.

आजीचा संसार सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात झाला. आठ बिऱ्हाडे आणि एक नळ. १९५२ साली तिने आठही घरांतल्या बायकांकडून महिन्याला चार-चार आणे घ्यायला सुरुवात केली. महिन्याचे दोन रुपये, वर्षाचे चोवीस. त्यातून पहिल्याने एक मोठे पातेले आले, मग परात, मग झारा आणि बारा पाट. कोणाकडे मुंज असो की डोहाळजेवण, भांडी भाड्याने आणायला नकोत. कोणते भांडे कोणाकडे कधी गेले आणि कधी परत आले, हे सारे त्या वहीत होते. १९५७ साली नवे पैसे आले, तेव्हा तिने चार आणे खोडून पंचवीस नवे पैसे केले आणि समासात लिहिले, "हिशेब सोपा झाला, पण पैसे तेवढेच." एके ठिकाणी शेरा होता, "पातेल्यास पोचा पडून आला. बोलले नाही." आणि पुढच्याच ओळीत, "बोलायला हवे होते."

काही नोंदी चमत्कारिक होत्या. दर जूनमध्ये "फी, रु. २" असे असे आणि पुढे नाव नसे, नुसते "जिन्याखालची" एवढेच. जिन्याखालच्या खोलीत एक विधवा बाई मुलीला घेऊन राहत असे, एवढे मी घरात ऐकले होते. मुलीची फी कोण भरते, हे वाड्याला कळू नये म्हणून आजीने वहीतसुद्धा नाव लिहिले नव्हते.

आणि मग जुलै १९६१. बारा तारखेला सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमचा वाडा उंचावर होता, तो वाचला. वहीत पुराचे वर्णन एका शब्दाचेही नाही. फक्त तेरा तारखेखाली लिहिले आहे : "पोळ्या ३१०. पिठले दोन पातेली. रॉकेल संपले, लाकडे मागितली." चौदा तारखेला पोळ्या २८०. पंधराला २९५, आणि कंसात, "हात दुखतो." चार आण्यांची ती पातेली त्या दिवशी कशी उपयोगी पडली असतील!

मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. अशा बायकांविषयी लिहायचे म्हटले की आपल्या लेखणीतून 'त्याग' हा शब्द आपोआप उतरतो. त्यागाची मूर्ती म्हटले, हात जोडले, की आपण मोकळे. मूर्तीला भूक नसते, राग नसतो, तिचा हातही दुखत नाही. म्हणून तर ती सोयीची! पण ज्यांनी स्वतःची कहाणी स्वतः सांगितली, त्या बायका अशा मूर्ती होऊन बसलेल्या दिसत नाहीत.

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली प्रसिद्ध झाले. पुस्तकाच्या नावातही 'माझ्या' नाही, 'आमच्या' आहे. १८७३ साली अकराव्या वर्षी त्या रानड्यांच्या घरात आल्या. पती एकतीस वर्षांचे, विद्वान, आणि बायकोने शिकावे म्हणून आग्रही. दिवसा मात्र राज्य घरातल्या बायकांचे. शिकते म्हणून टोमणे, इंग्रजी शिकते म्हणून अबोला. नवऱ्याची आज्ञा पाळावी तर बायका रागावतात, बायकांचे ऐकावे तर नवरा खट्टू होतो. या कात्रीत सापडलेल्या मुलीची घुसमट त्यांनी झाकलेली नाही. १९०१ मध्ये रानडे गेले. त्यानंतरची तेवीस वर्षे रमाबाई सेवासदनासाठी जगल्या. मुंबईत १९०८ साली आणि पुण्यात १९०९ साली ते सुरू झाले. प्रौढ बायकांना अक्षरओळख, शिवण, परिचारिकेचे शिक्षण, म्हणजे स्वतःच्या पायावर उभे राहण्याची साधने तिथे मिळू लागली. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या कैदी बायकांनाही भेटत.

बाया कर्वे यांची गोष्ट तर त्याहून रोखठोक. बालपणी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी याच. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि बहिष्काराची धग सोसावी लागली ती प्रामुख्याने त्यांना. अण्णासाहेबांना आपण 'महर्षी' म्हणतो, १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, ते योग्यच झाले. पण महर्षींनी स्वतःच्या विम्याची रक्कमही आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा घरात मुले होती, आणि त्यांचे पुढे काय, हा प्रश्न विचारायला बायाच होत्या. त्या चिडल्या. चिडणारच! आणि चिडूनही आश्रमासाठी वर्गणी मागत फिरल्या. 'माझे पुराण' (१९४४) वाचताना मला ही चीडच अधिक मोलाची वाटते. ज्याला किंमत कळते, त्यालाच देणे कळते.

लक्ष्मीबाई टिळकांचे काय सांगावे! 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आले, शेवटचा भाग तर त्यांच्या मृत्यूनंतर. वडिलांचे सोवळ्याचे वेड, नवऱ्याचा लहरी स्वभाव, १८९५ सालचे त्याचे धर्मांतर, मग कित्येक वर्षांची ताटातूट. यातले कोणतेही एक दुःख घेऊन माणूस जन्मभर रडत बसले असते. लक्ष्मीबाई हसतात, नवऱ्याशी भांडतात, पुन्हा त्याच्याकडे जातात, आणि नगरला प्लेग आला की छावणीत रोग्यांची सेवा करतात.

हे पुस्तक मी पंधरा वर्षे शिकवतो आहे. ते शिकवताना एक गोष्ट मी वर्गात कधी सांगितलेली नाही. आज इथे सांगतो.

२००० साली मी बी.ए.ला होतो आणि 'स्मृतिचित्रे' अभ्यासाला होते. आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, तरी बारीक अक्षर तिला दिसत नसे. एका संध्याकाळी ती म्हणाली, "थोडं मोठ्यानं वाच ना रे. मीही ऐकते." मी वाचू लागलो. सोवळ्याचा प्रसंग आला आणि आजी खुदकन हसली. "आमचे अण्णा अस्सेच. अरे, एकदा काय झालं..." म्हणून तिने स्वतःची गोष्ट सुरू केली. माझी परीक्षा तोंडावर आलेली. मी म्हणालो, "आजी, तू मध्ये मध्ये बोलायला लागलीस तर पान पुढं कसं जायचं?"

ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "बरं, वाच तू तुझं." आणि वाती वळायला बसली. तिने मला पुन्हा कधी वाचायला सांगितले नाही. त्या पेपरात मला चांगले गुण मिळाले.

एकदा काय झाले होते, ते आता कोण सांगणार? छापलेली स्मृतिचित्रे वाचण्यासाठी मी जिवंत स्मृतिचित्र बंद करून ठेवले. आणि कोण जाणे, त्या गोष्टीत वडिलांनी तिला हाक मारली असेल, तर तिचे नावही मला तेव्हाच कळले असते.

मुलीचा चौकोन रिकामा होता. शेवटी तिला घेऊन आत्याकडे गेलो. आत्या आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. मी वही तिच्या हातात दिली. तिने नुसता खणावरून हात फिरवला.

"आत्या, आजीचं माहेरचं नाव काय होतं गं?"

"द्वारका," आत्या तत्काळ म्हणाली. जणू काल कुणी हाक मारली होती. "पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि राधा झाली. मला एकदा सांगत होती, पहिले दोन-तीन महिने कुणी 'राधा' म्हणून हाक मारली तरी तिला कळायचंच नाही. सासूबाईंना वाटलं, सून बहिरी मिळाली!"

मुलगी मोठ्याने हसली. मग हसू आवरून म्हणाली, "आत्याआजी, मग तिनं सांगितलं का नाही, माझं नाव द्वारका आहे म्हणून?"

"कुणी विचारायला नको का, बाळ?"

त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुलीने पेन्सिलीने नाही, पेनने चौकोन भरला. द्वारका.

या सदराचे वाचक दिवाळीत फराळाला एकत्र जमतील. चकली खुसखुशीत झाली म्हणून आजीचे, काकूचे, मावशीचे कौतुक होईल. ते जरूर करावे, पण तेवढ्यावर भागवू नये. जवळ बसून विचारावे, तुझं नाव काय होतं, तुला काय आवडायचं, तुला राग कशाचा यायचा. आणि मग आपण गप्प बसावे. हे शेवटचे अवघड असते, निदान माझ्यासारख्या बोलून पोट भरणाऱ्याला.

आम्ही उठायला लागलो, तेव्हा आत्या म्हणाली, "तू ते लक्ष्मीबाईंचं पुस्तक शिकवतोस ना? मला आता वाचवत नाही रे. कधी वेळ झाला तर..."

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पुस्तक घेऊन गेलो. तेव्हापासून रोज जातो. चार ओळी होतात न होतात, तोच आत्या म्हणते, "अरे, आमच्या वाड्यात एकदा काय झालं..." मी पानात बोट घालून पुस्तक मिटतो आणि ऐकत बसतो. दिवाळी संपेल, पण पुस्तकाचा पहिला भाग काही संपायचा नाही. चार भाग आहेत. घाई कुणाला आहे?