हौशी गळ आणि आषाढांतला समुद्र

आमचें मोहोळ समुद्रापासून फार दूर. सन २०२५ च्या सप्टेंबरांत सीनेच्या पुरानें जो धडा दिला तो सोडला, तर येथील माणसास पाण्याचें भय वाटतें तें तें न मिळण्याचें. अशा गांवीं राहणाऱ्यानें समुद्राविषयीं लिहावें याचें वाचकांस नवल वाटेल. पण तसा प्रसंगच घडला.

गेल्या ज्येष्ठांत पुण्याहून आलेल्या नातवानें गळाची नवी काठी मजपुढें ठेवली, आणि आषाढांत मित्रांसह रत्नागिरीकडे खडकावरून मासे धरण्यास जाण्याची परवानगी मागितली. “आजोबा, मी मासे मारीत नाहीं, धरतों आणि सोडून देतों,” असेंहि तो म्हणाला. घरचा आचार ओळखून हा युक्तिवाद त्यानें आधींच सिद्ध केला होता. तोंच आंतून त्याची आजी म्हणाली, “तूं माशाला सोडशील रे, पण समुद्र तुला सोडील का?”

त्याचा सराव उजनीच्या कांठचा. परंतु तें पाणी तरी कोठें नेहमीं शांत असतें? २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं कुगांवहून कळाशीस निघालेली नाव अकस्मात् सुटलेल्या वादळी वाऱ्यानें उलटली. सातांपैकीं एकटाच पोहून कांठास लागला. सहा जण बुडाले, त्यांत दोन लहान मुलें होतीं. धरणाच्या पाण्याची ही कथा, तर आषाढांतल्या समुद्राची काय सांगावी?

कालिदासानें रघुवंशाच्या १३ व्या सर्गांत समुद्राचें रमणीय वर्णन केलें आहे खरें. पण तेथें राम सीतेला समुद्र दाखवितो तो पुष्पक विमानांतून! खडकावर उभ्या असलेल्या माणसाचा समुद्र निराळा. पावसाळ्यांत दूरच्या वाऱ्यानें उठलेल्या लाटा कांठावर येतात, त्या सारख्या उंचीच्या नसतात. बराच वेळ लहान लाटा येतात, माणूस निर्धास्त होऊन चार पावलें पुढें सरकतो, आणि मग एखादी प्रचंड लाट येऊन त्याला ओढून नेते. जेथें शेवाळ आहे तेथवर पाणी पोहोंचतें, हें ध्यानीं धरावें. ओहोटी सुमारें सव्वासहा तासांनीं संपते. गळाकडे नजर लावून बसलेल्यास पाठीमागची वाट केव्हां बुडाली हें कळतहि नाहीं. त्यांतून अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असलें, तर पाणी नेहमींपेक्षां अधिकच चढतें.

आतां कोळी बांधवांचें वर्तन पाहा. पावसाळा लागतांच ते होड्या किनाऱ्यावर ओढतात, आणि श्रावणांत नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मग पुन्हां पाण्यांत लोटतात. सरकारहि यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी करतें. त्याचें कारण जसें माशांचें प्रजनन, तसेंच खवळलेलें हवामान. ज्याचें पोट समुद्रावर, तो दोन महिने घरीं बसतो. आणि ज्याचें पोट सुखानें भरलेलें, तो केवळ हौसेखातर तेथें जातो! कोळ्याचें हें थांबणें भित्रेपणाचें नव्हे. तें पिढ्यान्‌पिढ्यांचें ज्ञान आहे. समुद्रावर केव्हां जाऊं नये, हें ज्याला कळलें त्यालाच तेथें जाण्याचा अधिकार.

नारळी पौर्णिमेनंतरहि सावधपणा सुटूं नये, कारण आश्विन-कार्तिकांतहि अरबी समुद्रांत वादळें उठतात. निघण्यापूर्वीं हवामानखात्याचा इशारा पाहावा. बंदरावर धोक्याचा बावटा चढला असल्यास परतावें. एकट्यानें जाऊं नये. अंगांत तरंगण्याचें जाकीट असावें. स्थानिक कोळी “नको” म्हणाला, तर वाद घालूं नये. सोबती पडल्यास पाठोपाठ उडी घेऊं नये, कारण त्यामुळें एकाचे दोन होतात. दोरी किंवा रिकामा बंद डबा फेकावा आणि तटरक्षक दलास १५५४ या क्रमांकावर कळवावें.

हें सारें नातवास सांगितलें. मुलगा रुसला, दोन दिवस धड जेवला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यानें आपण होऊन काठी माळ्यावर टाकली आणि भिंतीवरील पंचांगांत नारळी पौर्णिमेच्या तिथीभोंवतीं तांबड्या पेन्सिलीनें वर्तुळ काढलें. आजीनें तें पाहिलें, आणि त्या दिवशीं नारळीभात करण्याचें तेथेंच कबूल केलें.