फाटका रियाल सांगलीत का चालत नाही?

ओमानच्या मध्यवर्ती बँकेने जानेवारी 2024 मध्ये जुन्या नोटांच्या अनेक मालिका चलनातून काढत असल्याचं जाहीर केलं. त्यात 1995 सालच्या नोटा होत्या, 2010 ची 20 रियालची विशेष नोट होती, 2011-12 च्या मोठ्या नोटाही होत्या. बदलून घेण्यासाठी 31 डिसेंबर 2024 ही शेवटची तारीख दिली होती. कुवेतने पाचव्या मालिकेच्या नोटा 2015 मध्येच बंद केल्या, पण मध्यवर्ती बँकेच्या खिडकीवर त्या बदलून घ्यायला दहा वर्षं दिली. ती मुदत 18 एप्रिल 2025 ला संपली.

आपल्याकडे या दोन्ही बातम्यांची फारशी चर्चा झाली नाही. खरं तर मिरज, सांगली, कराड, सातारा या भागात ज्या घरातलं कुणी आखातात ड्रायव्हर, फिटर, स्वयंपाकी म्हणून राहून आलंय, त्या घराने कपाट उघडून बघावं अशी ही बातमी होती. सुट्टीवर येताना खिशात राहिलेल्या दोन-चार नोटा, ‘पुढच्या वेळी लागतील’ म्हणून अम्मीकडे ठेवलेलं पाकीट, वडिलांच्या पासपोर्टात घडी घालून ठेवलेली 20 रियालची नोट. ओमानी रियाल सव्वादोनशे रुपयांच्या आसपास, कुवेती दिनार पावणेतीनशेच्या पुढे. म्हणजे वीसची एक ओमानी नोट साडेचार हजारांची. मुदत गेल्यावर ती आठवण म्हणून ठेवायची, एवढंच.

बंद झालेली नोट हा एक प्रकार. त्याहून जास्त लोकांना भेडसावतो तो दुसरा: नोट चालू मालिकेचीच आहे, पण फाटली, भिजली, वाळवीने खाल्ली किंवा धुण्यात गेली.

नोट भारतीय असेल तर आपल्याकडे नियम बरा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2009 च्या नोट परतावा नियमांनुसार फाटकी नोट बँकेच्या शाखेत बदलून मिळते, तिथं तुमचं खातं असलंच पाहिजे असं नाही. 50 रुपये आणि त्यावरच्या नोटेचा 80 टक्क्यांहून जास्त भाग शाबूत असेल तर पूर्ण किंमत, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मी, त्याखाली काहीच नाही. दिवसाला 20 नोटा आणि 5,000 रुपयांपर्यंत शुल्कही घेत नाहीत. अगदी जळालेली, कोळसा झालेली नोट असेल तर मात्र रिझर्व्ह बँकेचं कार्यालय गाठावं लागतं.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं, तेव्हा निम्मी सांगली पाण्यात होती. लोकांनी कपाटातल्या नोटा दोरीवर वाळत घातल्या आणि नंतर बँकेत नेऊन दिल्या. पण त्याच कपाटात भिजलेला 500 चा सौदी रियाल असेल, म्हणजे अकरा हजारांच्या वरची रक्कम, तर तो घ्यायला भारतातली कोणतीही बँक बांधील नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम फक्त तिने स्वतः काढलेल्या नोटांपुरता आहे. रियालची जबाबदारी सौदीच्या मध्यवर्ती बँकेची, आणि तिची खिडकी इथं नाही.

मनी एक्स्चेंजवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. तो आज घेतलेली नोट उद्या दुसऱ्या गिऱ्हाईकाला विकतो. उमराहला निघालेला माणूस कोपरा तुटलेली नोट कशाला घेईल? म्हणून तो हात लावत नाही, किंवा पडेल भाव सांगतो. डॉलरचं तर विचारूच नका. अमेरिकेने 1861 पासून काढलेली एकही नोट रद्द केलेली नाही, तरी आपल्याकडे जुन्या डिझाईनचा किंवा पेनाची रेघ असलेला डॉलर बघून काउंटरवरचा माणूस नाक मुरडतो. नोट खरी असली तरी गिऱ्हाईकाचा पडेल भावात तोटा होतो.

ज्या देशाची नोट, त्या देशात मात्र चित्र वेगळं असतं. अमेरिकेत नोटा छापणारं सरकारी खातं अर्ध्याहून जास्त नोट ओळखू येत असेल तर पूर्ण किंमत देतं, तेही फुकट. अर्ध्याहून कमी उरली असेल तर बाकीचा भाग नष्ट झाल्याचा पुरावा मागतं. युरोचा नियम साधारण असाच आहे. बँक ऑफ इंग्लंड निदान अर्धी नोट मागते, आणि बंद झालेल्या जुन्या नोटा तर कितीही वर्षांनी बदलून देते. 2022 मध्ये बाद झालेले कागदी 20 आणि 50 पाउंड आजही तिथं चालतात. कतारने चौथ्या मालिकेच्या नोटांसाठी दहा वर्षं ठेवली आहेत. प्रत्येक देशाचं कॅलेंडर वेगळं, आणि ते परतलेल्या कामगाराला कुणी घरी आणून देत नाही.

त्यामुळे जे करायचं ते तिथं असतानाच. खराब नोट घेऊन एक्स्चेंज हाऊसमध्ये न जाता बँकेत जावं. तुकडे असतील तर सगळे न्यावेत. चिकटपट्टी लावू नये आणि ओली नोट इस्त्रीखाली घालू नये, कारण त्याने शाबूत नोटही संशयास्पद दिसते. खराब नोट घेऊन इकडे आलाच असाल तर तिकडे परत जाणाऱ्या भावा-भाच्याच्या हाती देणं हाच बहुतेकांसाठी खरा मार्ग आहे. जाता जाता एक कायद्याची गोष्ट: इथं राहणाऱ्याला 2,000 डॉलरएवढं परकीय चलन नोटांच्या रूपात जवळ ठेवता येतं. त्यावरचं परतल्यापासून 180 दिवसांत अधिकृत विक्रेत्याला द्यावं लागतं. पण नोट घ्यायलाच कुणी तयार नसेल तर द्यायची कुणाला, याचं उत्तर नियमात नाही.

हाजींचा प्रश्न यात नवा आहे. पूर्वी हज कमिटी प्रत्येक यात्रेकरूला निघताना 2,100 रियाल द्यायची. 2023 पासून ते बंद झालं आणि रियालची सोय ज्याची त्याने करायची ठरलं. हातात जास्त रक्कम राहते म्हणून काहींना हे आवडलं. पण साठी-सत्तरीतला माणूस पहिल्यांदाच परदेशी नोट हातात घेतो, तेव्हा ती चांगली की डागाळलेली हे त्याने कशावरून ओळखावं? हज प्रशिक्षणात इहराम कसा बांधायचा ते सांगतात, लसीचं सांगतात, बॅगेच्या वजनाचंही सांगतात. नोटा घेताना उजेडात धरून बघा, फाटकी असेल तर तिथंच परत करा, हे सांगायला पाच मिनिटं लागतील.

हाजींच्या पैशाकडे सरकारने स्वतः लक्ष घातल्याचं उदाहरण आपल्याकडे आहे. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने खास हजसाठी 10 आणि 100 रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या, क्रमांकाआधी ‘एचए’ अक्षरं असलेल्या. त्याच वर्षी कुवेत, बहरीनसारख्या आखाती भागासाठीही वेगळा रुपया निघाला. मागे सोन्याच्या तस्करीची काळजी होती, यात्रेकरूंचा कळवळा दुय्यम. तरी व्यवस्था उभी राहिली.

उलट बाजूही बघायला हवी. नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा आखातातल्या भारतीयांच्या पाकिटातला रुपयाच बाद झाला. अनिवासी भारतीयांना 30 जून 2017 पर्यंत मुदत मिळाली, पण स्वतः यायचं, विमानतळावर कस्टमचा फॉर्म भरायचा आणि देशातल्या फक्त पाच कार्यालयांपैकी एकात जायचं. महाराष्ट्रात ती मुंबई आणि नागपूर. दोन हजार रुपयांसाठी दुबईहून तिकीट कोण काढणार? आणि सांगलीकरांना यात नवल वाटू नये. आठ जिल्हा बँकांच्या तिजोरीत अडकलेल्या 112 कोटींच्या जुन्या नोटांमध्ये सांगली जिल्हा बँकेचे 14 कोटींहून अधिक होते. एवढ्या मोठ्या संस्थेच्या नोटांना नकार मिळतो, तिथं एकट्या कामगाराचं कोण ऐकणार?

मागणी फार मोठी नाही. आखातातल्या मध्यवर्ती बँकांशी बोलून रिझर्व्ह बँकेने निवडक शाखांमधून खराब आणि बाद नोटा वसुलीसाठी स्वीकाराव्यात. पैसे तिकडून आल्यावरच द्यावेत, हवं तर शुल्क कापावं. मे 2023 मध्ये मागे घेतलेली 2,000 ची नोट आजही पोस्टाने रिझर्व्ह बँकेकडे पाठवता येते आणि पैसे खात्यात येतात. सांगलीच्या पोस्टातून बेलापूरला नोट जाऊ शकते, तर बँकेमार्फत मस्कतला का नाही? जिल्ह्याच्या खासदारांनी हा प्रश्न अर्थ मंत्रालयाला लेखी विचारावा. दरम्यान, कतारच्या जुन्या नोटा ज्यांच्या घरी आहेत त्यांच्याकडे अजून काही वर्षं आहेत.