तुमचं स्वतःचं कार्ड आहे?

खिशात व्हिजिटिंग कार्ड आहे? असेलच. वर कंपनीचा लोगो, मध्ये भारदस्त डेझिग्नेशन, खाली ऑफिसचा ईमेल. आता एक नावडता प्रश्न. उद्या एचआरनं केबिनमध्ये बोलावून ‘सॉरी’ म्हटलं, तर या कार्डातलं तुमचं काय उरेल? फक्त नाव! ऑफिसचा ईमेल बंद आणि मोबाइल नंबरही कंपनीचा असेल, तर विषयच संपला. म्हणून बॉस, स्वतःचं एक कार्ड हवंच. त्यावर कंपनीचा लोगो नको. आणि जोडधंदा करणार असाल, तर आधी अपॉइंटमेंट लेटर नीट वाचा.

लिहायचं काय? इथेच गाडी अडते. पदव्या, छंद, तीन-तीन नंबर, घरचा पत्ता... अहो, हे कार्ड आहे की लग्नाचा बायोडेटा? कुठलं काम अडलं की तुम्हाला फोन करायचा, एवढंच समोरच्याला कळू द्या. ‘कन्सल्टंट’ म्हटल्यावर काही कळत नाही. ‘छोट्या दुकानांचे जीएसटी रिटर्न भरून देते’ म्हटलं की लगेच कळतं. नाव, ही एक ओळ, एक मोबाइल, एक ईमेल. बस्स! आणि ‘कूलबॉय’वाला ईमेल कॉलेजपुरता ठीक होता.

आता लूक. साइज नेहमीचीच, ३.५ बाय २ इंच. गोल किंवा जंबो कार्ड भारी दिसतं, पण पाकिटात मावत नाही आणि ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो. कार्डाला ३००-३५० घ्या. मागच्या बाजूला ग्लॉसी लॅमिनेशन नको. तिथे पेन चालत नाही, आणि ‘कुठे भेटलो’ हे लोक तिथेच लिहितात. अक्षरं ८ पॉइंटपेक्षा बारीक नकोत. मोबाइल नंबर पाच-पाच आकड्यांत तोडा.

एक बाजू मराठीत? जरूर! फक्त दोन ओळींत जागा जास्त सोडा, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. फाइल देताना फॉन्ट ‘कर्व्ह’ करून द्या. छापखान्याच्या कम्प्युटरवर तो फॉन्ट नसला, की जोडाक्षरं फुटलीच म्हणून समजा. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड ठेवा.

क्यूआर कोड हवा? १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हनं तो गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढला. आता तो चहाच्या टपरीवरही असतो. पण फुकटातला ‘डायनॅमिक’ कोड जपून. तो दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरून येतो. ट्रायल संपली की बंद पडू शकतो. नाव-नंबर थेट आत भरलेला ‘स्टॅटिक’ कोड घ्या. निदान २ सेंटिमीटरचा, भोवती पांढरी जागा सोडून.

छपाईआधी प्रूफवरचा नंबर स्वतः डायल करून बघा. मग ते प्रूफ ऑफिसबाहेरच्या कुणाला तरी द्या. ‘म्हणजे नक्की काय करता?’ असं विचारलं, तर ती ओळ बदला. ‘अरे, माझ्या भावाचं एक काम होतं’ असं म्हणाले, तर खुशाल शंभर छापा!