न पाहिलेला समुद्र

कोकणावरील कथा-कादंबऱ्यांचा प्रश्न आला की तो टाळून पुढे जाणारे अध्ययनार्थी मला संपर्कसत्रांत नेहमी भेटतात. ‘आम्ही कळंबचे, समुद्र पाहिलाच नाही, तर त्यावर लिहायचे काय?’ हे त्यांचे कारण. मला ते मान्य नाही. त्यासाठी आपल्याला थोडे दूर, जपानात नेतो.

हिरोशिगे या चित्रकाराने १८५३ ते १८५६ या काळात जपानच्या साठाहून अधिक प्रांतांची लाकडी ठशांची चित्रमाला केली. तीत आवा प्रांतातील नारुतोच्या समुद्री भोवऱ्यांचे चित्र आहे. मालेतील अनेक स्थळे त्याने स्वतः पाहिलेली नव्हती. जुन्या सचित्र प्रवासग्रंथांचा आधार त्याने घेतला. तरी त्या चित्रातले पाणी गरगर फिरते, खडकावर आपटते.

याचे कारण बऱ्याच अंशी ठशाच्या तंत्रात आहे. चित्रकाराचे रेखाटन कारागीर लाकडावर कोरतो. आधी रेषेचा ठसा, मग रंगांचे निरनिराळे ठसे. फेस दाखवायचा तर कागद तेवढा कोरा सोडावा लागतो. काय गाळायचे, हे आधीच ठरवणे भाग पडते. भाषेच्या अभ्यासकाला येथे वाक्यरचनाच आठवते: नामे आणि क्रियापदे ही रेषा, विशेषणे हा रंग. आपले निबंध मात्र रंगापासून सुरू होतात. ‘अथांग’, ‘निळाशार’, ‘फेसाळणारा’ असे तीन ठसे उमटतात आणि पाणी जागचे हलत नाही! उलट पुळण, खाजण, उधाण हे शब्द पाहा. भरती ‘येते’, ओहोटी ‘लागते’. किनाऱ्यावरच्या माणसाचे निरीक्षण त्या क्रियापदांत साठलेले आहे, आणि ते कळंबमध्ये बसूनही वाचता येते.

प्रत्यक्ष पाहण्याचे मोल मी नाकारत नाही. पुढे अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची मुद्राचित्रे करणाऱ्या हिरोशी योशिदाने १९२६मध्ये शिडाच्या होड्यांचे एकच दृश्य सकाळ, धुके, संध्याकाळ, रात्र अशा वेगवेगळ्या रंगांत छापले. असे प्रहर केवळ ग्रंथांतून हाती लागणे कठीण. पण पाणी आपणही पाहिले आहे: नाल्याचा पूर, वैशाखात तळ दाखवणारी विहीर, पायऱ्या उतरून गाठायचे चिंतामणीचे कुंड. पाण्याची क्रियापदे तेथूनच घ्यावीत.

पुढील स्वाध्यायात समुद्रावर पाच वाक्ये लिहा. विशेषण एकही नको.