गाणे आपले, चावी कोणाची?



घरात माळ्यावर जुनी कॅसेट असेल तर जरूर खाली काढा. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ती जगापुढे आणली आणि पुढे इतर कारखानदारांनाही तो नमुना वापरू दिला. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, हे माप सर्वांनी पाळले. म्हणून बीडच्या बाजारात घेतलेली कॅसेट अंबाजोगाईत कोणत्याही कंपनीच्या टेपरेकॉर्डरवर वाजे.

पुढे फितीची जागा आकड्यांनी घेतली. आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. सीडीसाठी ते सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. आकड्यांची नक्कल करणे फार सोपे! ती रोखण्यासाठी विक्रेत्यांनी गाण्याचे आकडे गणिती रीतीने सांकेतिक केले आणि ते उलगडण्याची चावी ठरावीक यंत्रांनाच दिली. ॲपलने २००३ पासून विकलेली अशी गाणी त्यांच्या आयपॉडवर वाजत, इतर बहुतेक कंपन्यांच्या प्लेअरवर नाही. २००८ मध्ये याहूने आपले गाण्यांचे दुकान व चावी देणारे संगणक बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा गिऱ्हाइकांना कळले, की घेतलेली गाणी आता नव्या संगणकावर नेता येणार नाहीत. ओरड झाल्यावर कंपनीने भरपाई देऊ केली.

कुलूप नसेल तर कलावंतांच्या पोटावर पाय येईल, असे कोणी म्हणेल. ही काळजी रास्त आहे. पण २००९ मध्ये ॲपलने गाण्यांची कुलपे काढली, तरी दुकान चालूच राहिले. चोरीसाठी कुलूप तोडणाऱ्याला आपल्या कॉपीराइट कायद्याने २०१२ पासून दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मग प्रामाणिक गिऱ्हाइकाला कोंडायचे कशाला? वर्गणी भरून ॲपवर ऐकलेले गाणे भाड्याच्या घरासारखे. तिथे मालकाचे कुलूप समजू शकते. विकत घेतलेल्या घराची चावी मात्र आपल्याच हाती हवी.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. आमच्या बीड जिल्ह्यात, माजलगावात, १९९६ साली बायकांनी गाइलेल्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या कोणालाही ऐकता येतात. हा ठेवा एखाद्या कंपनीच्या कुलपात असता आणि ती कंपनी बुडाली असती तर?

तेव्हा आजीची ओवी मुद्रित कराल, तर ती एमपीथ्रीसारख्या सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात ठेवा आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर वाजवून पाहा. दोन्हीकडे वाजली, तरच ती खऱ्या अर्थाने तुमच्याजवळ आहे.