किल्ली कोणाच्या मोबाइलमध्ये?

लॅपटॉप उघडत नाही म्हणून बाई दुकानात जाते, तेव्हा पहिला प्रश्न येतो, "मोबाइल नंबर कोणाचा टाकलाय?" सगळी गोम तिथेच आहे.

शिरूर-दौंडकडचा एखादा बचत गट डोळ्यासमोर आणा. लॅपटॉप गटाच्या पैशांतून आलेला. सुरू करून दिला सचिवबाईंच्या मुलाने. खातं त्याच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. त्यात त्याचा वाईट हेतू असतो असं नाही. पण मुलगा नोकरीला बाहेरगावी जातो, नवं सिम घेतो. तीन महिने न वापरलेला नंबर कंपनी बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्या कोणाला देऊही शकते. मग पासवर्ड बदलायला जावं तर कोड जातो भलत्याच माणसाकडे. बाई नवऱ्याचं घर सोडून आलेली असेल तर आणखी कठीण. लॅपटॉप तिच्याजवळ, कोड त्याच्याजवळ. वर "तुला यातलं काय कळतंय" हेही तिनेच ऐकायचं. (दौंड तालुक्यातल्याच केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, बायकांनी शंभर वर्षांपूर्वी छापखाना चालवला. यंत्र बायकांना कळत नाही हे निदान आपल्या भागात तरी कोणी सांगू नये.)

दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारू. त्याला लगेच हो म्हणू नका. फॉरमॅट केलं की लॅपटॉप चालू होईल, पण कर्जाचे हिशेब, फोटो, एखादीच्या केसचे कागद जातील. आधी विचारा, डिस्कला कुलूप आहे का? नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर फायली उतरवता येतात. विंडोजच्या नव्या लॅपटॉपवर मात्र हे कुलूप बहुधा आपोआप लागतं. त्याची ४८ आकडी किल्ली ज्याच्या खात्याने लॅपटॉप सुरू केला त्याच्या खात्यात जाऊन बसते. ती नसेल तर कंपनीलाही ते उघडता येत नाही. म्हणून आधी त्या मुलाला फोन लावा. पासवर्ड आठवत असेल तोवरच नंबर बदलून घ्यावा हे उत्तम. मायक्रोसॉफ्टच्या खात्यावरचा जुना नंबर-ईमेल काहीच हाताशी नसेल, तर बदलाला ३० दिवस थांबावं लागतं.

घरच्यांना काय दोष द्यायचा, सरकारही हेच करतं. २०२५ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीसाठी बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपी मागितला गेला. पैसे बाईचे, मंजुरीचा आकडा पुरुषाच्या मोबाइलवर! दोघंही हयात नसलेल्या बायकांची पंचाईत झाली, तेव्हा त्यांच्यासाठी नंतर वेगळी सोय करावी लागली. लाभार्थी बाई एकटी पुरेशी का नाही, हा प्रश्न तरीही उरतोच.

बँकेत गटाचं खातं उघडताना दोघींच्या सह्या लागतात. अध्यक्षबाईंच्या मुलाची सही चालेल का, असं कोणी विचारतही नाही. लॅपटॉपच्या बाबतीत आपण ते मुकाट्याने चालवून घेतो. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. खातं गटाच्या ईमेलवर, नंबर दोन वेगवेगळ्या सभासद बायकांचे, पदाधिकारी बदलल्या की नंबरही बदलायचा. ती ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून पासबुकाशेजारी पेटीत ठेवायची. आणि हे सगळं सभासदांपैकी कोणीतरी स्वतः बसून करायचं, मुलाला शेजारी बसवून घेतलं तरी चालेल, पण बटणं तिने दाबायची.